लोकर कोणत्या हातात धरावी? : विणकामाविषयी वाचकांचे प्रश्न

सुयांवरच्या विणकामाविषयी या महिन्यात आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख एकाच गोष्टीकडे आहे : आपण शिकलो ती पद्धत आणि शेजारी बसलेली व्यक्ती वापरते ती पद्धत, यांपैकी बरोबर कोणती. म्हणून या अंकात त्याच विषयावरची पाच पत्रे घेतली आहेत. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : माझ्या आईने मला लहानपणी चाळीच्या गॅलरीत बसून विणकाम शिकवले. लोकर उजव्या हातात धरायची आणि प्रत्येक टाक्याला सुईभोवती फिरवायची, अशी आमची पद्धत. माझी सून मोबाइलवर व्हिडिओ पाहून विणायला शिकली. ती लोकर डाव्या हाताच्या बोटावर ताणून धरते आणि सुईने ओढून घेते. ‘आई, तुमची पद्धत फार संथ आहे,’ असे ती म्हणते. मला तिचा हात बघवत नाही. आमच्यात बरोबर कोण?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : दोघीही. लोकर उजव्या हाताने सुईभोवती टाकण्याची तुमची पद्धत इंग्रजी म्हणून ओळखली जाते, तर डाव्या तर्जनीवर ताणलेली लोकर सुईच्या टोकाने उचलण्याची सुनेची पद्धत कॉन्टिनेन्टल म्हणून. दोन्हींत लोकर टाक्यातून शेवटी एकाच वाटेने जाते, त्यामुळे तयार कापडावरून विणणारीने लोकर कोणत्या हातात धरली होती, हे ओळखता येत नाही. फरक आहे तो हालचालींचा. तुमच्या पद्धतीत दर टाक्याला उजवा हात लोकर घेऊन पुढे जातो आणि परत येतो; सुनेच्या पद्धतीत डावी तर्जनी जवळजवळ स्थिर असते आणि काम सुईचे टोक करते. सलग सुलट टाके, म्हणजे लोकर कामाच्या मागे ठेवून विणायचे टाके, असतील तेव्हा तिचा हात भराभर चालेल. उलट टाक्यांत मात्र डाव्या बोटाला लोकर पुढे आणून खाली दाबून द्यावी लागते आणि नवशिक्या तिथेच अडखळतात. एक सुलट, एक उलट अशी बॉर्डर घालताना लोकर सतत पुढे-मागे न्यावी लागते; तिथे तुम्हा दोघींची गती एकदा घड्याळ लावून पाहायला हरकत नाही.

आपल्याकडे उजव्या हाताची पद्धत रुळली, कारण सुयांवरचे विणकाम घरोघर पोहोचले ते प्रामुख्याने इंग्रजी अमदानीत. त्या काळी खुद्द इंग्लंडमध्येही सगळ्या बायका एकाच तऱ्हेने विणत नव्हत्या. एकोणिसाव्या शतकातल्या सुखवस्तू घरांत उजवी सुई लेखणीसारखी बोटांत धरण्याची ढब आली, ती मुख्यतः नाजूक दिसते म्हणून. पोटासाठी विणणारे लोक सुई काखेत दाबून किंवा कमरेला अडकवून विणत, म्हणजे उजवा हात सुईचे ओझे वाहण्यातून मोकळा होई. स्कॉटलंडच्या उत्तरेला असलेल्या शेटलंड बेटांवर यासाठी घोड्याचे केस भरलेल्या, भोके पाडलेल्या चामड्याच्या गादीचा कमरपट्टा वापरतात. लांब, दोन्ही बाजूंनी टोकदार सुईचे एक टोक त्या भोकात रोवले की सुई हलत नाही आणि हाताला फक्त लोकर टाकण्याचे काम उरते. याच बेटांवरच्या हेझल टिंडल यांनी २००८ च्या स्पर्धेत तीन मिनिटांत २६२ टाके विणले होते. तेव्हा वेग हा लोकर कोणत्या हातात आहे यापेक्षा सुई किती स्थिर आहे आणि बोटे किती कमी हलतात यावर अवलंबून असतो, असे माझे मत आहे. तुमच्या सुनेलाही ते मानावे लागेल.

डाव्या हाताच्या पद्धतीचा जर्मनीशी संबंध जोडला जाई आणि म्हणून दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ती इंग्रजी भाषक देशांत मागे पडली, असे सांगितले जाते. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झालेल्या एलिझाबेथ झिमरमन (१९१०–१९९९) यांनी तिचा हिरिरीने पुरस्कार केला. आज व्हिडिओंमध्ये ती इतकी दिसते, त्यात त्यांच्या खटपटीचा वाटा मोठा आहे. म्हणजे सुनेची पद्धत तुमच्या पद्धतीपेक्षा नवी आहे, असेही म्हणता येत नाही.

माझा सल्ला असा की, पद्धत न बदलता दुसरीची पद्धत वरकड म्हणून शिकून घ्यावी. दोन रंगांच्या नक्षीत त्याचा उपयोग लगेच कळतो : एक रंग उजव्या हातात, दुसरा डाव्या हातात धरला की गुंडे एकमेकांत गुंतत नाहीत आणि दर दोन टाक्यांनी लोकर खाली ठेवून दुसरी उचलावी लागत नाही.

एक पथ्य मात्र पाळा. एकाच स्वेटरवर दोघींनी आळीपाळीने हात चालवू नये. समजा छातीच्या घेराला २०० टाके धरले आहेत. तुमच्या हाताला दहा सेंटिमीटरमध्ये २२ टाके बसत असतील, तर घेर सुमारे ९१ सेंटिमीटर येईल. सुनेच्या हाताला २४ बसत असतील, तर तेवढ्याच टाक्यांत तो सुमारे ८३ सेंटिमीटर होईल. मागचा भाग सासूचा आणि पुढचा सुनेचा असा स्वेटर शिवायला बसलात की मग खरा वाद होईल.

प्रश्न : मी व्हिडिओ पाहून शिकले, लोकर डाव्या हातात धरते. भाच्यासाठी टोपडे आणि छोटा स्वेटर विणायला घेतला आहे. एक सुई (म्हणजे एक ओळ) सुलट, एक सुई उलट असा अगदी साधा नमुना आहे. तरीही सुलट बाजूला एका ओळीतले टाके नीट उघडे दिसतात आणि पुढच्या ओळीतले पायाशी एकमेकांवर चढलेले, पिळलेले दिसतात. कापडही घट्ट वाटते. दोष माझ्या हातात आहे की लोकरीत?
– एक वाचक, बोरिवली

उत्तर : लोकरीत नाही. हातातही म्हणण्यासारखा दोष नाही. तुम्ही नकळत दोन पद्धतींची सरमिसळ केली आहे. पिळलेले टाके एका ओळीआड येतात, हे तुम्ही अचूक हेरले आणि त्यावरूनच कारण कळते.

विणणे थांबवून डाव्या सुईवर बसलेला एखादा टाका जवळून पाहा. टाका म्हणजे सुईवर टांगलेला फास. त्याचा एक पाय सुईच्या पुढे असतो आणि दुसरा मागे. आपल्याकडे शिकवतात त्या बसणीत उजवीकडचा पाय पुढे असतो. सुईचे टोक त्या पुढच्या पायात डावीकडून उजवीकडे घातले की फास उघडतो आणि सुलट टाका सरळ पडतो. आता उलट सुई विणून झाल्यावर, सुलट बाजू समोर धरून, पुन्हा बघा. तुमच्या टाक्यांचा उजवा पाय मागे गेलेला दिसेल. उलट टाका विणताना लोकर सुईच्या वरून यायला हवी. तुम्ही सुईचे टोक लोकरीवरून नेऊन ती खालून ओढून घेत असणार. डाव्या हाताच्या पद्धतीत हीच हालचाल सोपी वाटते, त्यामुळे कोणी न सांगताही हात तिकडे वळतो. लोकर अशी उलट्या दिशेने आली की फास सुईवर पाठमोरा बसतो. त्या पाठमोऱ्या फासाच्या पुढच्या पायात सुई घालून सुलट विणले की तो पिळला जातो. सुलट सुईवर तयार झालेले टाके मात्र नीट बसलेले असतात, म्हणून पुढच्या उलट सुईत काही बिघडत नाही.

यावर दोन उपाय आहेत आणि दोन्ही चालतात. पहिला उपाय म्हणजे उलट टाक्याला लोकर सुईच्या वरून आणण्याची सवय करणे. सुरुवातीला डाव्या अंगठ्याने ती खाली दाबून धरावी लागेल. दुसरा उपाय मला अधिक आवडतो. उलट टाका तुम्ही विणता तसाच विणा आणि पुढच्या सुईत सुलट टाका मागच्या पायातून विणा. पाठमोरा फास मागून उघडला जातो, पीळ राहत नाही आणि कापड इतरांच्या कापडासारखेच दिसते. जगात अनेक जण असेच विणतात. या मिश्र पद्धतीला कॉम्बिनेशन म्हणतात. तिचा एक लाभही आहे. नेहमीच्या उलट टाक्याला लोकर किंचित जास्त लागते, म्हणून पुष्कळ जणींच्या उलट ओळी सुलट ओळींपेक्षा सैल पडतात आणि कापडावर आडव्या रेघा दिसतात. तुमच्या उलट टाक्यात लोकरीची वाट आखूड असल्यामुळे ही कटकट बरीच कमी होते. एक सुलट, एक उलट अशा बॉर्डरलाही हाच नियम लागू पडतो : सुलट मागच्या पायातून, उलट पुढच्या पायातून.

मात्र ही पद्धत ठेवायची असेल, तर नमुन्यातल्या सूचना डोळे मिटून पाळता येणार नाहीत. ‘दोन टाके एकत्र सुलट’ असे लिहिलेले असते तेव्हा टाके नेहमीच्या बसणीचे आहेत आणि घट (दोन टाक्यांचा एक करणे) उजवीकडे झुकणार आहे, हे लिहिणाऱ्याने गृहीत धरलेले असते. पाठमोरे दोन टाके मागच्या पायांतून एकत्र विणले की घट डावीकडे झुकते. उजवीकडे हवी असेल, तर दोन्ही टाके आधी एकेक करून सुईवर फिरवून घ्यावे लागतात. गळ्याच्या दोन बाजू एकमेकींना जुळत नाहीत अशी तक्रार पुष्कळदा येते आणि तिच्या मुळाशी बऱ्याच वेळा हेच असते. दुसरी अडचण गोल सुईवर (वायरने जोडलेली दोन टोके) गोलाकार विणताना येते. तिथे सगळ्या फेऱ्या सुलट, उलट सुई नाहीच. त्यामुळे टाके नीटच बसतात आणि मागच्या पायातून विणण्याची सवय तिथे चालू ठेवली तर पीळ उलट त्या सवयीनेच पडतो.

स्वेटर उसवायची गरज नाही. पुढच्या सुलट सुईपासून बदल करा. टोपड्याचा काठ मात्र ताणून बघा. पिळलेला टाका साध्या टाक्याइतका ताणत नाही आणि बाळाच्या डोक्याला आवळणारे टोपडे कोणी दोनदा घालत नाही.

प्रश्न : माझा मुलगा दहा वर्षांचा आणि डावखुरा आहे. त्याला विणकाम शिकायचे आहे, पण मी उजव्या हाताची असल्याने त्याला कसे शिकवू कळत नाही. या वयात शिकवणे योग्य आहे का? घरातली मोठी माणसे ‘मुलाला कशाला?’ असेही म्हणतात.
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : वय अगदी योग्य आहे. जर्मनीतल्या श्टुटगार्ट येथे १९१९ मध्ये रुडॉल्फ श्टायनर यांच्या विचारांवर सुरू झालेल्या वॉल्डॉर्फ शाळेत हस्तकला मुलगे आणि मुली दोघांनाही शिकवत. त्या परंपरेतल्या शाळांत पहिलीच्या मुलांच्या हाती सुया दिल्या जातात. मोठ्या माणसांना पेरू देशातल्या टिटिकाका सरोवरातील टाकिले बेटाची गोष्ट सांगा. तिथे टोप्या विणण्याचे काम पुरुषांचे असते, मुलगे ते लहानपणीच शिकतात आणि तिथल्या वस्त्रकलेला युनेस्कोने मानवजातीचा अमूर्त वारसा म्हणून मान्यता दिली आहे.

डावखुरेपणाचा बाऊ करू नका. विणकामात दोन्ही हात राबतात. लोकर डाव्या हातात धरण्याची पद्धत त्याला आधी दाखवा, कारण तिच्यात लोकरीचा ताण सांभाळण्याचे कसबी काम त्याच्या चलाख हाताकडे येते आणि टाके सर्वांसारखेच डाव्या सुईवरून उजव्या सुईवर जातात. पुढे कोणताही नमुना, कोणतेही पुस्तक त्याला जसेच्या तसे वापरता येईल. शिकवताना त्याच्या समोर बसू नका. शेजारी, एकाच दिशेला तोंड करून बसा. काही आठवड्यांनंतरही हात अवघडत असेल, तर आरशातल्यासारखे विणू द्यावे, म्हणजे टाके उजव्या सुईवरून डावीकडे न्यावेत. तेव्हा मात्र तुम्ही समोर बसा, म्हणजे तुमचा हात पाहून त्याला तसाच चालवता येईल. या रीतीने विणणाऱ्याला नमुन्याचा चौकटींचा आलेख उलट्या बाजूने वाचावा लागतो आणि घटी विरुद्ध दिशेला झुकतात, एवढे त्याला मोठेपणी सांगा. आत्ता सांगितलेत तर तो सुया टाकून खेळायला पळेल.

त्याची पहिली पट्टी वाकडी होईल, तिचे टाके वाढतील. ती त्याच्या देखत उसवू नका.

प्रश्न : मी निवृत्त कारकून असून पत्नीच्या पश्चात तिच्या उरलेल्या लोकरीची मफलरे विणतो. अलीकडे उजवे मनगट आणि अंगठ्याचे मूळ दुखते. लोकर गळ्याभोवती घेऊन विणण्याची एक पद्धत असते, असे ऐकले. ती मला झेपेल का?
– एक वाचक, दादर

उत्तर : दुखणे सारखे राहत असेल, तर पहिली चक्कर डॉक्टरांकडे मारावी आणि तोवर विणण्याच्या बैठका लहान ठेवाव्यात.

तुम्ही ऐकले ती पद्धत पोर्तुगीज म्हणून ओळखली जाते. पोर्तुगालबरोबर तुर्कस्तानात आणि दक्षिण अमेरिकेच्या अँडीज भागातही ती आढळते. लोकर मानेमागून, किंवा डाव्या खांद्याजवळ कपड्याला टोचलेल्या हुकाच्या पिनेतून फिरवून विणकामाच्या पुढच्या बाजूला आणतात. लोकरीचा ताण मान किंवा पीन सांभाळते आणि डाव्या अंगठ्याच्या हलक्या झटक्याने लोकर सुईवर चढते. उजव्या हाताला लोकर टाकावी लागत नाही, त्यामुळे मनगटाची हालचाल बरीच कमी होते. लोकर आधीच पुढे असल्यामुळे यात उलट टाका सर्वांत सोपा असतो. सगळ्या सुया उलट विणल्या तरी कापड सगळ्या सुया सुलट विणल्यासारखेच येते आणि मफलरला ती वीण उत्तम, कारण ती दोन्ही बाजूंनी सारखी दिसते व कडेला वळत नाही.

एक गोष्ट मात्र लक्षात घ्या : या पद्धतीत काम डाव्या अंगठ्याकडे जाते. तुमचे दुखणे उजव्या अंगठ्याचे आहे, म्हणून ती करून पाहण्यासारखी आहे. डावा अंगठाही कुरकुर करू लागला तर तिचा उपयोग नाही. आणि मुंबईच्या उकाड्यात घामेजल्या मानेवरून ॲक्रिलिकची लोकर सरकवणे हा काही सुखाचा अनुभव नाही, तेव्हा पीनच बरी. तशी पीन मिळाली नाही, तर मोठ्या सेफ्टी पिनेच्या फटीतून लोकर ओवून काम भागते. ॲल्युमिनियमच्या सुया घामाने चिकटत असतील, तर बांबूच्या घ्या. त्या हलक्या असतात आणि घट्ट मुठीत धराव्या लागत नाहीत.

प्रश्न : घरात कोणालाही विणकाम येत नाही. मी नोकरी करते. जाण्यायेण्यात लोकलमध्ये रोज बराच वेळ जातो, तो वापरावा असे वाटते. क्लास लावावा, पुस्तक घ्यावे की व्हिडिओ पाहावेत? एका परदेशी नमुन्यासाठी आठ नंबरच्या सुया आणल्या, पण माप फारच लहान येते आहे.
– एक वाचक, विलेपार्ले

उत्तर : पहिल्या काही बैठका जाणत्या माणसाशेजारी व्हाव्यात, मग ती क्लासची बाई असो, महिला मंडळातली असो की सोसायटीतली एखादी आजी. व्हिडिओ तुमचा हात पाहत नाही, हा त्यातला उणेपणा आहे. बोरिवलीच्या वाचकाचे टाके पिळले, ते शेजारी कोणी असते तर तिसऱ्या-चौथ्या सुईलाच दिसले असते. टाके घालणे, सुलट, उलट, टाके बंद करणे आणि निसटलेला टाका उचलणे एवढे हाताखालून गेले की व्हिडिओ उत्तम. हवे तिथे थांबवून पाहता येतात. पुस्तक त्यानंतर. आजींनी उजव्या हाताने शिकवले आणि व्हिडिओतली बाई डाव्या हाताने विणते, म्हणून गोंधळून जाऊ नका. तिचा टाका सुईवर कसा बसला आहे ते पाहा आणि आपला तसा बसला आहे ना, एवढे ताडून घ्या. शिकण्यासाठी मध्यम जाडीची, फिक्या रंगाची लोकर घ्या. काळ्या लोकरीत टाक्याचे पाय दिसत नाहीत.

लोकलमध्ये लांब सरळ सुया नकोत. संध्याकाळच्या लेडीज डब्यात चौथ्या सीटवर टेकून कोपर हलवायला जागा नसते आणि सुईचे मागचे टोक शेजारणीच्या कुशीत जाते. गोल सुईवर सपाट कापडही विणता येते : फेरी न जोडता दर ओळीला काम उलटवायचे. विणकामाचे वजन मधल्या वायरवर येऊन मांडीवर राहते आणि सुई हातातून निसटून दुसऱ्याच्या पायाखाली जात नाही. जागा मिळाली नाही त्या दिवशी सुया पिशवीतच बऱ्या.

मापाचा घोळ सुईच्या नंबरचा आहे. आपल्या दुकानांत जुने इंग्रजी नंबर चालतात आणि त्यांत नंबर वाढतो तशी सुई बारीक होते : आठ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, दहा नंबर म्हणजे ३.२५, बारा नंबर म्हणजे २.७५. अमेरिकी नंबर याच्या उलटे चालतात. त्यांची आठ नंबरची सुई ५ मिलिमीटरची असते, म्हणजे आपल्या दुकानातली सहा नंबरची. तुमचा नमुना अमेरिकी असणार. मिलिमीटर दिलेले असतील तर तेच धरावेत आणि सुईवरचा आकडा पुसला गेला असेल, तर भोकांच्या मापपट्टीत ती घालून पाहावी.